माणसाचा ताप, गाईचे गाभडणे आणि डागी धान्य: मराठवाड्यात यांचा अभ्यास एकत्र का होत नाही?

तेरणाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. उदगीर, देवणी आणि निलंगा या पट्ट्यातील काही गावांत माणसांचे आजार, जनावरांचे रोग आणि धान्य-चाऱ्याची सुरक्षितता यांचा एकत्र अभ्यास उभा करावा, अशी आमच्या छोट्या गटाची तयारी चालू आहे. प्रस्ताव लिहायला बसण्यापूर्वी येथील जाणकारांशी बोलावे, म्हणून हा धागा.

माझे निरीक्षण असे की जो रोग झपाट्याने आणि ढिगाने मारतो, तो आपल्याकडे पकडला जातो. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या मेल्या, नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत गेले आणि बर्ड फ्लूचे निदान झाले. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे मरून पडू लागले, तेव्हाही तेच घडले. पण गाय सहाव्या-सातव्या महिन्यात गाभडते, त्याच घरातील माणूस महिनोन् महिने अंगदुखी आणि तापाने हैराण असतो आणि त्याच घरातील सरकी पेंडेला बुरशी आलेली असते, तेव्हा कोणाचेही लक्ष जात नाही. हे मंद गतीचे आजार आहेत आणि त्यांचा हिशेब कोणाच्याच वहीत नाही.

त्या घरी आशाताई येतात आणि तापाची नोंद करतात. पशुधन पर्यवेक्षक येतात आणि लसीची नोंद करतात. कृषी सहायक येतात आणि पिकाच्या नुकसानीची नोंद करतात. उंबरठा एकच असतो, पण नोंदी तीन खात्यांकडे जातात आणि त्या पुन्हा कधी एकमेकींना भेटत नाहीत.

माझा प्रश्न सरळ आहे. असे संशोधन करताना प्रत्यक्ष कोणत्या अडचणी येतात आणि सुरुवात नेमकी कोठून करावी?

ग्रामवैद्य

मी तालुक्याच्या ठिकाणी बरीच वर्षे रुग्ण तपासतो. ब्रुसेल्लोसिसबद्दल, म्हणजे ब्रुसेल्ला या जंतूमुळे गाई-म्हशी गाभडतात आणि त्यांच्याकडून माणसालाही होतो त्या रोगाबद्दल लिहितो, कारण आपल्या प्रश्नाचा गाभा मला तेथेच दिसतो.

या रोगाचा ताप चढतो-उतरतो, रात्री घाम फुटतो, कंबर आणि सांधे दुखतात, पुरुषांत कधी वृषणाला सूज येते. यातील एकही लक्षण खास या रोगाचे म्हणता येत नाही. रुग्ण येतो तेव्हा त्याच्या हातात बहुधा विडाल या टायफॉइडसाठीच्या रक्तचाचणीचा कागद असतो, त्यावर काहीतरी पॉझिटिव्ह असते आणि त्याला टायफॉइडची औषधे सुरू झालेली असतात. ती संपली की ताप पुन्हा येतो. ब्रुसेल्लोसिसला डॉक्सिसायक्लिन आणि जोडीला दुसरे प्रतिजैविक असे किमान सहा आठवडे द्यावे लागते. पाच दिवसांच्या गोळ्यांनी जंतू दबतो, जात नाही.

माझ्याकडे आलेल्या एका गवळ्याला मी "घरी जनावरे आहेत का" एवढेच विचारून थांबलो नाही, तर "मागच्या काही महिन्यांत एखादी गाभडली का, जार कोणी काढला" असे विचारले. त्याने दोन्ही हात कोपरापर्यंत दाखवले. हातमोजे नव्हते. पुढे त्याचे निदान झाले आणि तो बराही झाला. केसपेपरवर हा प्रश्न छापलेला नसतो, म्हणून तो विचारला जात नाही. आपल्या प्रश्नावलीत तो पहिल्या पानावर असावा, असे माझे आग्रहाचे मत आहे.

कासरा

ग्रामवैद्य यांच्याशी सहमत. मी पशुवैद्यक आहे, म्हणून गोठ्याच्या बाजूने लिहितो.

पहिली अडचण नमुन्याची. मे महिन्यात त्रेचाळीस अंशांच्या उन्हात गाईच्या मानेच्या शिरेतून रक्त घेतले की ती नळी तिरपी ठेवून शांतपणे गोठू द्यावी लागते, तेव्हा वर स्वच्छ पिवळसर रक्तजल सुटते. प्रत्यक्षात ती नळी दुचाकीच्या डिकीत खडखडत जाते, रक्तपेशी फुटतात आणि रक्तजल लाल होते. असा नमुना पुण्याच्या औंध येथील रोग अन्वेषण विभागापर्यंत पोहोचला, तरी त्याच्यावरून खात्रीने काही सांगणे अवघड असते.

दुसरी अडचण लसीची. राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात २०१९ पासून चार ते आठ महिने वयाच्या मादी वासरांना ब्रुसेल्लाची लस एकदा टोचली जाते. ती एस-१९ जातीची जिवंत लस असल्यामुळे टोचलेल्या जनावरात प्रतिपिंडे दिसतात आणि काही जनावरांत ती बराच काळ टिकतात. त्यामुळे रक्तजलातील ही प्रतिपिंडे शोधणारी रोझ बंगाल चाचणी पॉझिटिव्ह आली, तर ती लसीमुळे की रोगामुळे, हा प्रश्न उरतो. कानातल्या बारा अंकी बिल्ल्यावरून लसीकरणाची नोंद सापडली तर उत्तर मिळते. बिल्ला तुटून पडला असेल, तर मिळत नाही. आणि हीच लस टोचताना सुई स्वतःला लागली तर माणसाला संसर्ग होऊ शकतो, हे आमच्या क्षेत्रातील तरुणांना पुरेसे बजावले जात नाही.

तिसरी अडचण मला सर्वांत मोठी वाटते. काही देशांनी बाधित जनावरे शोधून, मालकाला भरपाई देऊन, ती कापून हा रोग आटोक्यात आणला. आपल्या राज्यात गोवंशाच्या बाबतीत तो मार्ग बंद आहे. मग पॉझिटिव्ह गाय घेऊन शेतकऱ्याने काय करावे? तो पुढच्या बाजारी ती विकतो. आपण रोग शोधला आणि आपल्याच शोधामुळे तो हाळीच्या बाजारातून दुसऱ्या तालुक्यात पोहोचला, असे होऊ शकते.

शिवार

कासरा साहेबांनी शेवटी जे लिहिले, ते आम्हा शेतकऱ्यांच्या तोंडचे आहे. आमची एक देवणी गाय गाभडली, तेव्हा कोणी तरी येऊन रक्त घेऊन गेले. अहवाल आजतागायत आलेला नाही. त्यानंतर गावात कोणी नमुना मागायला आले की माणसे गोठ्याच्या दाराशी उभी राहून विचारतात, की याचे पुढे काय होणार. दूध बंद झाले तर डेअरीचे पैसे बंद होतात, आणि गाय रोगट आहे असा बोभाटा झाला तर तिला कोणी विचारत नाही. नमुना देणाऱ्यालाच नुकसान सोसावे लागत असेल, तर तो नमुना का देईल? संशोधनाच्या अडचणींत ही अडचण सर्वांत वर लिहा.

नांदेडहून

शिवार यांच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन.

स्पष्ट_बोलणारा

मला या सगळ्या चर्चेबद्दल शंका आहे आणि ती मी मोकळेपणाने मांडतो. 'एक आरोग्य' (वन हेल्थ), म्हणजे माणूस, जनावरे आणि पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्र विचार, हा शब्दप्रयोग गेली काही वर्षे प्रत्येक परिषदेत ऐकू येतो. नागपूरला राष्ट्रीय एक आरोग्य संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली, त्याचे स्वागतच आहे. परंतु ज्या दवाखान्यात डॉक्टरचे पद रिकामे आहे आणि फ्रीज बंद पडलेला आहे, तेथे एकत्रित संशोधनाची भाषा करणे म्हणजे पायाआधी कळस उभारणे होय. आधी पदे भरा, प्रयोगशाळा तालुक्याला आणा, मग तिन्ही शास्त्रे एकत्र बसवा.

अन्नपरीक्षण

स्पष्ट_बोलणारा यांची पदांबद्दलची तक्रार रास्त आहे, परंतु "आधी हे, मग ते" हा क्रम मला पटत नाही, कारण काही प्रश्न तिन्ही शास्त्रे एकत्र आल्याशिवाय दिसतच नाहीत. १९७४ च्या अखेरीस गुजरातमधील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा येथे बुरशी लागलेला मका खाऊन कावीळ आणि जलोदराची साथ आली. त्यात ३९७ जण आजारी पडले आणि १०६ दगावले. त्याच घरांतील कुत्र्यांनाही तोच आजार झाला होता. हे अफ्लाटॉक्सिन नावाचे विष होते. कुत्र्याची कावीळ पाहणारा, मका तपासणारा आणि माणसाचे यकृत तपासणारा हे तिघे एकत्र बसले, तरच अशा साथीचा उलगडा होतो.

आपल्या भागात हे विष भुईमूग, मका आणि सरकी पेंड यांतून येते. पीक भरण्याच्या वेळी पावसाने ओढ दिली, शेंगा तडकल्या, की *अस्परजिलस फ्लेव्हस* ही बुरशी शेतातच आत शिरते. पुढे माल ओलसर साठवला की ती वाढते. बुरशी लागलेली पेंड गाईला घातली, की त्यातील बी-१ या विषाचा थोडा भाग, साधारण एक-दोन टक्के, एम-१ या रूपात एका दिवसात दुधात उतरतो. दूध उकळून तो जात नाही. आपल्याकडे दुधातील एम-१ साठी किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. घरातील लहान मूल ते दूध रोज पिते, आणि त्याचा परिणाम मोजायला लागणारा काळ कोणत्याही तीन वर्षांच्या प्रकल्पात बसत नाही. संशोधनाची खरी अडचण ही आहे.

मोंढ्यातला

मी आडतीवर बसतो. अन्नपरीक्षण यांना एक विचारायचे आहे. आमच्याकडे पोत्यात पोकळ सळई खुपसून मूठभर माल काढतात आणि त्यावर भाव ठरतो. विषाची तपासणीही अशीच करतात का? कारण एकाच पोत्यात वर पांढराशुभ्र दाणा आणि तळाला काळा दाणा, हे आम्ही रोज पाहतो. खरिपाची ज्वारी काढणीच्या पावसात सापडली की काळी पडते. ती खायला कोणी घेत नाही, मग ती कोंबडीखाद्यात जाते. तिची तपासणी झालेली मी तरी पाहिलेली नाही.

अन्नपरीक्षण

आपण अत्यंत नेमकी जागा दाखवली. अफ्लाटॉक्सिन मालात सारखे पसरलेले नसते. क्विंटलभर शेंगदाण्यात मोजके दाणे भयंकर विषारी असतात आणि बाकीचे निर्दोष असतात. सळईत ते दाणे आले तर माल नापास होतो, नाही आले तर पास. म्हणून पोत्याच्या वर, मध्ये, तळाला आणि अनेक पोत्यांतून माल काढून, तो एकत्र करून, मोठा नमुना दळून, त्या पिठातून तपासणी करावी लागते. यंत्राच्या चुकीपेक्षा नमुना काढण्यातील चूक कितीतरी मोठी असते. तपासणीची स्वस्त एलायझा पद्धत (प्रतिपिंडांच्या साहाय्याने विष मोजण्याची) पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत विकसित झालेली आहे, आणि ते ठिकाण उदगीरहून हैदराबादच्या वाटेवरच आहे.

काळ्या ज्वारीचे म्हणाल, तर १९९५ साली अवकाळी पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन दख्खनच्या पठारावरील सत्तावीस गावांत पोटदुखी आणि जुलाबाची साथ आली होती. त्यामागे फ्युमोनिसिन हे दुसऱ्या एका बुरशीचे विष आढळले. त्यामुळे कोंबडीखाद्यात जाणाऱ्या ज्वारीबद्दल आपण म्हणता ती काळजी योग्यच आहे.

गोदातीर

येथे बीड जिल्ह्यातील मामला गावाची आठवण करून द्यावीशी वाटते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भीतीपोटी लोक घराबाहेर राहू लागले, घरात धान्य तसेच राहिले, उंदीर माजले आणि ऑगस्ट १९९४ मध्ये तेथे प्लेग आला. धान्य, उंदीर आणि माणूस यांचा याहून स्पष्ट दुवा कोणता असेल?

बीड_बायपास

गोदातीर यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे, पण तो थोडा जपून मांडावा. भूकंप आणि प्लेग यांचा दुवा हे अभ्यासकांनी दिलेले स्पष्टीकरण आहे, आणि ते पटण्यासारखे आहे. मात्र आपल्या धाग्याला अधिक उपयोगी आहे ती घटनांची ओळ: गावकऱ्यांनी आधी पिसवा फार झाल्याची तक्रार केली, मेलेले उंदीर दिसले आणि त्यानंतर जांघेत, काखेत गाठी आलेले रुग्ण दिसू लागले. म्हणजे पहिली सूचना रुग्णालयातून आली नव्हती, ती घरातून आली होती. आज गावात पिसवा किंवा मेलेले उंदीर वाढले, तर ते सांगायचे कोणाला? आरोग्य खात्याला, शेती खात्याला की ग्रामपंचायतीला? तेरणाकाठ यांच्या प्रस्तावात या प्रश्नाचे उत्तर असायला हवे.

सुगी

२०२२ चा खरीप कोणी विसरले नसेल. लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची रोपे रातोरात फस्त केली आणि अनेकांना दुबार-तिबार पेरणी करावी लागली. हे पिकाचे संकट म्हणून नोंदले गेले आणि मदतही पिकासाठीच आली. पण त्या हंगामात बायका आणि पोरे पहाटे नुसत्या हातांनी बादल्या भरभरून गोगलगायी वेचत होती. या गोगलगायींत उंदराच्या फुप्फुसात राहणाऱ्या एका कृमीची पिल्ले असू शकतात आणि ती माणसाच्या पोटात गेली तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. शिवाय बांधावर टाकलेल्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कुत्र्याने किंवा जनावराने खाल्ल्या तर जीव जाऊ शकतो. आमच्या वस्तीवर तेव्हा एक कुत्रे आचके देत मेले. ते कशाने मेले याची कोणी चौकशी केली नाही, आणि चौकशी करणे कोणाचे काम होते हेही मला सांगता येणार नाही. हातमोजे घालून वेचा, असे पत्रकात छापलेले असते, परंतु दिवसाच्या मजुरीवर वेचणाऱ्या बाईला हातमोजे कोण देतो?

ऊसफड

माझ्या दृष्टीने एक मोठी गोष्ट राहिली आहे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची कुटुंबे बैलजोडीसह पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्यात परततात. लंपी हा गुरांचा त्वचारोग २०२२ साली राज्यभर पसरला, तेव्हा जनावरांचे बाजार बंद केले गेले, ते आवश्यकच होते. पण बैलगाडी हेच ज्याचे पोट आहे, त्याला थांबवता येत नाही. लंपी माश्या, डास आणि गोचिडांमार्फत पसरतो आणि फडावरच्या कोप्यांत माणसे, बैल, शेळ्या हे सारे एका पाचटाच्या आडोशाला असतात. लस गावात द्यायची आणि जनावर मात्र फडावर, ताप फडावर आणि रेशनकार्ड गावात, अशी स्थिती असते. तुमच्या अभ्यासातील 'घर' ऑक्टोबर ते एप्रिल कोठे असेल, हे आधी ठरवा. नाहीतर सर्वांत जास्त धोक्यातील माणसेच अभ्यासातून गळतील.

आकडेमोड

ऊसफड यांचा प्रतिसाद संख्याशास्त्राच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. आजारी किती, हा आकडा कसाही मिळवता येतो. एकूण किती जणांमधून, हा आकडा मिळत नाही. विसावी पशुगणना २०१९ ची आहे आणि माणसांसाठी आपण अजून २०११ च्या जनगणनेचा आधार घेतो. बाजार आणि स्थलांतर यांमुळे गोठ्यातील जनावरांची संख्या महिन्या-महिन्याला बदलते. त्यामुळे प्रत्येक घराला अभ्यासाचा एकच क्रमांक द्या, तो आशाताई, पशुधन पर्यवेक्षक आणि कृषी सहायक या तिघांच्या नोंदीत लिहिला जाईल असे बघा, आणि दर तिमाहीला माणसे व जनावरे पुन्हा मोजा. एवढे झाले तरी स्पष्ट_बोलणारा यांच्या शंकेला अर्धे उत्तर मिळेल, कारण याला नवी पदे लागत नाहीत.

स्पष्ट_बोलणारा

एक क्रमांक देण्याची सूचना मला मान्य आहे. परंतु हे तिघे आधीच नोंदींच्या ओझ्याखाली आहेत. आशाताईंना आणखी एक रकाना भरायला लावणार असाल, तर त्याचा मोबदला प्रस्तावाच्या अंदाजपत्रकात दाखवा. तो दाखवला नाही, तर रकाना भरलेला दिसेल आणि त्यातील माहिती खोटी असेल.

तेरणाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. आशाताईंच्या मोबदल्याची सूचना आम्ही जशीच्या तशी घेत आहोत. क्रमांकाची योजनाही ठरली.

शिवार आणि कासरा यांनी मांडलेल्या नुकसानीच्या प्रश्नावर आमच्या गटात बरीच चर्चा झाली. आता विचार असा आहे की सुरुवात एकेका गाईच्या रक्तापासून न करता दूध संकलन केंद्रावरच्या एकत्रित दुधापासून करावी. त्याच दुधाच्या एका भागावर ब्रुसेल्लासाठी वलय चाचणी (दुधातील प्रतिपिंडे दाखवणारी) करावी आणि दुसऱ्या भागात अफ्लाटॉक्सिन एम-१ मोजावे. यात कोणाच्याही गाईचे नाव पुढे येत नाही. ज्या केंद्राचे दूध पॉझिटिव्ह येईल, त्या गावात आधी ग्रामवैद्य यांची प्रश्नावली, हातमोजे आणि पेंड कोरडी ठेवण्याचे प्रशिक्षण जाईल आणि घराघरांतील तपासणी त्यानंतर, ज्यांची इच्छा असेल त्यांच्याकडेच होईल. अहवाल किती दिवसांत परत द्यायचा, हे संमतिपत्रावरच लिहिलेले असेल. यात काही चुकते आहे का?

ग्रामवैद्य

दिशा योग्य वाटते, परंतु एक नैतिक पेच आहे. केंद्राचे दूध पॉझिटिव्ह आले, याचा अर्थ त्या गावातील कोणीतरी बाधित गाईचे दूध काढत आहे, हे आपल्याला कळलेले असते. तेव्हा "ज्यांची इच्छा असेल" एवढ्यावर थांबता येणार नाही. त्या गावातील प्रत्येक दूध उत्पादक कुटुंबाला तापाची मोफत तपासणी आणि निदान झाल्यास पूर्ण सहा आठवड्यांचे औषध मिळेल, ही सोय नमुने घेण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्राशी लेखी ठरवा. नीतिमत्ता समितीही हेच विचारेल.

शिवार

अहवालाची तारीख कागदावर लिहून देणार असाल, तर आमच्या गावातील केंद्राशी मी बोलतो. एक विनंती आहे. पॉझिटिव्ह आलेल्या गावाचे नाव वर्तमानपत्रात जाऊ देऊ नका. डेअरीने दूध नाकारले, तर पुढच्या दहा वर्षांत त्या गावात तुम्हाला कोणी उभे करणार नाही.

कासरा

वलय चाचणीबद्दल एक खबरदारी सांगतो. नुकत्याच व्यालेल्या गाईचा चीक, आटत आलेल्या गाईचे दूध किंवा दगडी (कासदाह) झालेल्या सडाचे दूध त्यात मिसळले, तर चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. शिवाय मोठ्या टाकीत एका बाधित गाईचे दूध इतके पातळ होते की ती सुटूनही जाते. म्हणून शीतकरण केंद्राच्या टाकीतून नमुना घेऊ नका. गावातील संकलन केंद्रावर, सकाळच्या पाळीला, प्रत्येक कॅनचा नमुना वेगळा घ्या आणि काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा घ्या. कॅननिहाय नोंदीचा तक्ता कसा असावा, याचा मसुदा मी रविवारपर्यंत येथेच टाकतो.